आठवी जागा

४ एप्रिल

मुंगे,

फोन उचलत नाहीस. मेसेज टाकला तर बघून न बघितल्यासारखं करतेस. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. कागद काही ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडशील, पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. शेजाऱ्यांच्या नावाने आलेल्या जाहिरातीसुद्धा तू आधी वाचायचीस आणि मग त्यांच्या दाराखालून सरकवायचीस.

मुद्द्याचं आधी. ती जागा तू घेणार आहेस की नाही? एका शब्दात सांग. हो म्हण, नाही म्हण, पण काहीतरी म्हण. तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस.

त्या दिवशी फोनवर माझं निम्मंच ऐकून तू ठेवून दिलास, त्यामुळे उरलेलं निम्मं आता वाच.

शनिवारी दुपारी घरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाई. "कृत्रिम नाक-कान-डोळे घडवण्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केलेल्या मॅडम बोलताय का?" मी म्हटलं, हो. का नाही म्हणणार? अर्ज मी केला होता! या घरातून आणखी कुणी तोच अर्ज केला असेल, हे मला काय स्वप्नात येणार होतं? त्या म्हणाल्या, "अभिनंदन. आठ जागांपैकी एक तुमची."

मी किंचाळले. आई कपडे धूत होती, ती तशीच फेसाच्या हातांनी धावत आली आणि तिने मला मिठी मारली. पाठ चिंब झाली माझी. मग ती खिडकीत गेली आणि समोरच्या काकूंना ओरडून सांगितलं. मी अजून फोनवरच होते, मुंगे! तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमचे ते मातीचे कान समितीला फारच आवडले." मी म्हटलं, "मेणाचे. मी मेणाचे पाठवलेत." कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही हो, इथे मातीचेच लिहिलंय." आणि मग त्यांनी नाव वाचलं. तुझं.

आई खिडकीतून वळली तेव्हा अजून हसत होती. तिला मीच सांगितलं. "माझं नाही, मुंगीचं झालं." बिचारीला कळेना, चेहरा तसाच ठेवायचा की बदलायचा.

संध्याकाळी मी तुला फोन केला आणि जे बोलले ते बोलले. 'आयत्या बिळावर नागोबा' म्हटलं ते मी मागे घेत नाही. सहा वर्षं कवळ्यांच्या कारखान्यात बसून दुसऱ्यांचे दात मेणात कोण लावतंय? मी. हा अभ्यासक्रम कुणी शोधून काढला आणि त्यावरून घरात सगळ्यांचं डोकं कुणी खाल्लं? मी. तू लांबच्या शहरात बसून कपड्यांच्या दुकानातले पुतळे घडवतेस, आणि त्या पुतळ्यांबद्दल तूच म्हणायचीस की कान नाही जमला तरी चालतं, वरून टोपी घालतात. आणि तूच मला एका शब्दाने न सांगता तिथे अर्ज करतेस. आणि वर कान पाठवतेस!

"तुला वाटतंय तसं नाहीये ताई," एवढं म्हणालीस आणि ठेवलास. मग कसं आहे? सांग ना. मला कान आहेत, मातीचे का असेनात.

दोन दिवसांनी माझंही उत्तर आलं. प्रतीक्षा यादी. नाही पण नाही आणि हो पण नाही. मला त्याचं विशेष काही वाटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. आई सारखी विचारते, तिला काय सांगू ते कळावं, म्हणून हे पत्र.

ताई

११ एप्रिल

मुंगे,

उत्तर नाही. पोस्टमन आता आपलं फाटक आलं की मान खाली घालून सायकल दामटतो. त्याचा काय दोष? पण मला रागवायला कुणीतरी लागतं आणि तू तर हाताशी नाहीस.

प्रतीक्षा यादीतल्या माणसाचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. पास झालेल्याचं अभिनंदन करतात, नापास झालेल्याची समजूत घालतात. आमच्यासारख्याला म्हणतात, "अरे वा! म्हणजे... हं." आणि विषय बदलतात. काल एका बाईंनी तर मला धीर देता देता स्वतःच्या गुडघ्यांबद्दल अर्धा तास सांगितलं. मी ऐकलं. गुडघ्यांचं निदान काहीतरी ठरलेलं होतं, ऑपरेशन होणार होतं.

आणि त्या खिडकीतल्या बातमीने माझी काय वाट लावलीय, तुला कल्पना नाही. समोरच्या काकूंनी ती संध्याकाळपर्यंत दोन रस्ते पलीकडे पोहोचवली. "थोरलीला मिळालं हो!" नंतर मी 'थोरलीला नाही, धाकटीला' म्हणत हिंडले, पण खरी बातमी कुणाला ऐकायला वेळ नसतो. सोमवारी कामावर गेले तर मालक हात जोडून उभे. "आता मोठ्या झालात तुम्ही! आमच्या कवळ्या विसरू नका." मी म्हटलं, "अहो, नाही मिळालं. यादीत आहे." ते म्हणाले, "यादीत आलात ना, मग झालंच की!" आणि त्याच दुपारी त्यांनी आपल्या भाच्याला आणून माझ्यामागे स्टुलावर बसवलं.

भाचा चांगला चाळिशीचा बाप्या आहे, दुसऱ्या गावात हेच काम करायचा. तोंडाने गोड. पण दिवसभर मागे बसून माझी खुर्ची न्याहाळतो. खिडकीच्या उजेडात एकच टेबल आहे, ते माझं. दातांचा रंग तिथेच जुळतो. परवा मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघते तर महाशय खुर्चीत! "बसून बघत होतो फक्त." मी म्हटलं, "बघा बघा. कशी वाटते?" म्हणाला, "जरा उंच आहे." म्हणजे बघ, तिकडे मी कुणाच्या तरी जागेवर डोळा ठेवून बसलेय, आणि इकडे हा माझ्या जागेवर. कुणीच उठत नाही आणि कुणालाच नीट बसता येत नाही.

विद्यापीठाच्या कार्यालयात मी रोज फोन करत नाही. एक दिवस सोडून करते. त्या बाई आता माझा आवाज ओळखतात. मी 'हॅलो' म्हटलं की त्या सुस्कारा सोडतात. गोड बोलते मी त्यांच्याशी, इतकी गोड की माझं मलाच कसंतरी होतं. अडला हरी, दुसरं काय. "यादीत माझा कितवा नंबर, तेवढं सांगता का?" "नंबर सांगायची पद्धत नाही." "बरं, पहिल्या पाचांत आहे का?" "पद्धत नाही." "यादीत पाच जण तरी आहेत का?" त्यावर त्या चुकून हसल्या, आणि हसण्याच्या भरात एक गोष्ट बोलून गेल्या. आठपैकी सात जणांनी होकार कळवला. आठव्या उमेदवाराने होकार नाही दिला, नकार नाही दिला, काहीतरी भलतीच विनंती पाठवलीय. ती वर साहेबांकडे गेलीय. साहेब बाहेरगावी. ते येईपर्यंत यादी हलणार नाही.

ती आठवी तूच आहेस, मुंगे. असलं भिजत घोंगडं ठेवणारी दुसरी कोण असणार? मुदत वाढवून मागितली असशील. की पुढच्या वर्षी येते, तोवर माझी खुर्ची पुसून ठेवा, असं काहीतरी? तुला पुतळ्यांचं काम सोडवत नाही आणि हेही हातचं जाऊ द्यायचं नाही. बसत पण नाहीस, उठत पण नाहीस.

आई म्हणते, तिला वेळ दे. मी सगळ्यांना वेळच देतेय. मला कोण देणार?

ताई

१८ एप्रिल

मुंगे,

आज तुझ्यावर चिडायचा कंटाळा आलाय, म्हणून दुसरं लिहिते.

तुला ते गवंडी आठवतात का, ज्यांना डावा कान नाही? तू सुट्टीत आली होतीस तेव्हा कारखान्यात आले होते, तुला वाटलं होतं मफलर बांधायची सवय आहे म्हणून. कवळी करायला आले होते ते. माप घेताना मफलर सोडावा लागला, तेव्हा मी बघितलं. चष्मा दोऱ्याने डोक्याला बांधला होता. एका बाजूला अडकवायला काही नव्हतंच ना.

कवळी झाल्यावर मी फावल्या वेळात त्यांचा एक कान केला. त्यांच्याच उजव्या कानावरून बघून बघून, उलटा. मेणात घडवला आणि मग कवळीच्याच मसाल्यात ओतला, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आमचा मसाला हिरडीच्या रंगाचा. कान गुलाबी झाला, गं. चांगला हिरडीसारखा गुलाबी! मला रडू यायचं बाकी होतं. पण त्यांनी तो लावला, चष्म्याची काडी त्यावर ठेवली, आणि चष्मा सरळ बसला. दोन्ही बाजूंनी. ते आरशासमोरून हलेचनात. त्यांची बायको म्हणाली, "आता तरी मी काय म्हणते ते ऐकू येईल का?" आणि दोघं इतके हसले की मालक आतून बघायला आले.

आठवड्याच्या आत तो कान तोंड धुताना बेसिनमध्ये पडला. तडकला. कशाने चिकटवायचा, कातडीसारखा मऊ कसा करायचा, उन्हात रंग उडू नये म्हणून काय घालायचं, मला काही म्हणजे काही येत नव्हतं. ते सगळं त्या अभ्यासक्रमात शिकवतात. म्हणून मी अर्ज केला.

काल ते परत आले होते. मफलर बांधून. "ताई, शिकून कधी येताय?" त्यांनाही समोरच्या काकूंची बातमी पोहोचलीय. मी म्हटलं, "बघू, यादीत आहे." त्यांना यादी म्हणजे काय ते कळलं नाही. "म्हणजे मीपण यादीतच आहे म्हणा की," असं म्हणाले आणि गेले.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, मला विशेष काही वाटलेलं नाही? साफ खोटं. मला हे हवंय. इतकं हवंय की फोन वाजला की हातातलं टाकून धावते आणि पलीकडून रॉंग नंबर निघाला तरी त्या माणसाला मी चार प्रश्न विचारते. आणि तुझ्याकडे ते आहे, आणि तू ते नुसतं धरून ठेवलंयस, याने माझा जीव जळतो.

तुझे कान माझ्यापेक्षा चांगले असणार, हे मला न बघता ठाऊक आहे. माझ्या बोटांना मोजमाप कळतं. तुझ्या बोटांना माणूस कळतो. हे लिहायला मला अर्धा तास लागला, तेव्हा जपून वाच.

पण धरलं की सोडायचं नाही, हा तुझा लहानपणापासूनचा रोग. कुठे गर्दी दिसली की तू लोकांच्या पायांतून सुर्रकन आत, म्हणून तर तुझं नाव मुंगी पडलं. आणि चावायचीस म्हणून. माझ्या डाव्या कानाच्या कडेला अजून तुझ्या दाताची खाच आहे. तो बसचा प्रसंग आठवतो? आई तिकिटाच्या रांगेत, मी पिशव्या धरून, आणि तू आत शिरून आख्ख्या बाकावर आडवी. "जागा धरलीय! जागा धरलीय!" आम्ही चढेपर्यंत बस सुटली. आई रस्त्याने ओरडत धावतेय, मी पिशव्यांसकट तिच्यामागे. पुढच्या थांब्यावर सापडलीस. कंडक्टर उठवत होता आणि तू बाकाला मिठी मारून पडली होतीस, उठायला तयारच नाहीस. एक म्हातारे गृहस्थ डोक्याला हात लावून उभे होते. अगं, ज्यांच्यासाठी धरली ते खालीच राहिले, हे तुझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

अजूनही येत नाही. उत्तर दे.

ताई

२५ एप्रिल

मुंगे, मुंगे, मुंगे!

पत्र मिळालं. आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आईने भाजी गॅसवर करपवली. मला खात्री पटेना म्हणून आता तुझंच पत्र तुला परत लिहून पाठवते. वाच, आणि एखाद्या परक्या माणसाने लिहिलंय असं समजून वाच.

"ताई, रागावू नकोस. ती जागा मी तुझ्यासाठीच धरलीय. दोघींनी अर्ज केला तर एकीला तरी मिळेल, आणि मला मिळाली तर तुला देऊन टाकीन, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आधी सांगितलं असतं तर तू करूच दिलं नसतंस. आता मी त्यांना लिहिलंय की माझी जागा माझ्या ताईच्या नावावर करा, ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे, फक्त तिला माती जमत नाही. ते म्हणाले, वर विचारून कळवतो. सगळं पक्कं झालं की एकदम सांगायचं होतं, म्हणून फोन घेत नव्हते. फोनवर तू माझ्या तोंडून काढून घेतलं असतंस. तोपर्यंत मी घट्ट धरून बसलेय. कुणालाही देणार नाही. तू अजिबात काळजी करू नकोस. तुझी मुंगी."

काळजी करू नकोस!

अगं माझे आई, ती काय बसची जागा आहे? तू उठलीस आणि मी बसले? ती तुझ्या कानांना मिळालेली जागा आहे. तुला नको असेल तर ती त्यांच्याकडे परत जाते, आणि मग ते यादीतल्या माणसाला बोलावतात. यादीत कोण आहे? मी! आणि यादी कुणामुळे अडलीय? तुझ्यामुळे! तू माझ्यासाठी जागा धरून बसलीयस, म्हणून मला जागा मिळत नाहीये. कळलं का? नाही कळलं तर परत वाच.

आणि त्या साहेबांना काय वाटलं असेल? 'माझ्या जागी बहिणीला घ्या.' त्या कार्यालयातल्या बाई म्हणत होत्या ना, भलतीच विनंती! मी फोनवर त्यांना तावातावाने विचारलं होतं, कोण हो ते गाढव? दोघींचं आडनाव एकच, पत्ता एकच, त्यांना सगळं माहीत असणार. कशा गप्प राहिल्या त्या, देव जाणे. मी असते तर फोन बाजूला ठेवून पोट धरून हसले असते.

मी हसले, मुंगे. हे सगळं लिहिताना चिडलेय, पण वाचून झाल्यावर आधी हसले. आई रडत होती आणि मी हसत होते. मग उलटं झालं. आई हसायला लागली आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. महिनाभर मी तुला मनात काय काय म्हटलं! आणि तू तिकडे बाकाला मिठी मारून पडलेली.

नागोबा मागे घेते. पण गाढव तसंच ठेवते.

आता हे पत्र संपायच्या आत उठ आणि कार्यालयाला लिही: 'मला जागा नको.' एवढंच. माझं नाव घेऊ नकोस. मी किती हुशार आहे ते सांगू नकोस. माती, मेण, काही नको. पत्र पोहोचायला वेळ लागेल म्हणून संध्याकाळी फोनही करतेय. उचल. आणि एकदा स्वतःला नीट विचारून घे. तुला स्वतःलाच तिथे जायचं असेल तर जा. मी चिडेन, बोलेन, आणि तुला बसवायला येईन. पण माझ्यासाठी म्हणून धरत असशील तर सोड. आज सोड.

तुझी ताई

३ मे

मुंगे,

तू फोनवर इतकी रडत होतीस की मी काय बोलले ते तुला कळलंच नसणार. म्हणून लिहून ठेवते. पुन्हा रडू आलं की हे काढून वाचायचं.

तू जागा सोडलीस. साहेब परत आले. यादी हलली. आणि माझ्या वर यादीत एकजण होता, त्याला ती मिळाली. मी दुसरी होते. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, "आता नंबर सांगायला हरकत नाही, मॅडम." मी म्हटलं, "धन्यवाद." अजून काय म्हणणार? दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे आपण शाळेत निबंधात लिहायचो. घरच्या घरी करूनही दाखवलं. त्या तिसऱ्याला तर पत्ताही नसेल की दोन बहिणी त्याच्यासाठी एवढ्या झटल्या.

फोन ठेवला आणि मी अर्धवट राहिलेली कवळी पूर्ण केली. वरचे पुढचे दोन दात तिरके लागले. काढून परत लावले. परत तिरके. भाचा मागून म्हणाला, "मी लावू का?" मी म्हटलं, "लावा." आणि बाहेर जाऊन उभी राहिले. रस्त्यावर माणसं चालली होती, प्रत्येकाला दोन दोन कान. मी बघत राहिले आणि रडले, हो, भर रस्त्यात. एक बाई थांबून म्हणाली, "दात दुखतोय का?" कारखान्याची पाटी वर होती ना. मी म्हटलं, "हो." तिने मला लवंग धरायला सांगितली.

आता तुझं. 'माझ्यामुळे तुझं नुकसान झालं' हे तू फोनवर घोकत होतीस ना? जरा डोकं चालव. तू अर्जच केला नसतास तर त्या आठव्या खुर्चीवर सुरुवातीपासून तोच यादीतला पहिला बसला असता. मी तेव्हाही खालीच होते, आताही खालीच आहे. तू माझं काही घेतलं नाहीस. दिलं पण काही नाहीस, ते सोड. एक महिना तू त्या बिचाऱ्या पहिल्याला मात्र टांगून ठेवलंस. त्याची माफी माग हवी तर.

आणि मालकांना मी सांगितलं. "मी कुठे जात नाहीये." त्यांनी भाच्याकडे बघितलं, भाच्याने खुर्चीकडे बघितलं. शेवटी भिंतीचं कपाट हलवून खिडकीशी दुसरं टेबल लावायचं ठरलं. उजेड आता अर्धा अर्धा. भाचा वाईट नाही. माझे ते दोन दात त्याने सरळ लावले होते.

रडू नकोस. जेव. पुतळ्यांच्या डोक्यावर टोप्या घाल आणि झोप.

ताई

१५ मे

मुंगे,

यादी आज बंद झाली. बाईंनी फोन केला. आणखी कुणी सोडली नाही. "पुढच्या वर्षी नक्की करा अर्ज," म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "एकट्याच करा हं." मला वाटतं, त्या आपल्या दोघींना जन्मभर विसरणार नाहीत.

आज खोकंही आलं. तू अर्जात कायमचा पत्ता म्हणून घरचा दिला होतास ना, तुझे कान त्यांनी इकडे परत पाठवले. मी कापसातून काढले. एकेक टेबलावर मांडला. पहिला म्हाताऱ्याचा, लोंबलेल्या पाळीचा. दुसरा बाळाचा. आणि तिसरा हातात घेतला आणि मी आईला हाक मारली. आई आली, तिने बघितलं, मग माझे केस मागे सारले आणि पुन्हा बघितलं. डावा कान. कडेला वर खाच. तू लहानपणी चावलेली.

समोर न बसवता केलास ना तो? आठवणीतून? लांबच्या शहरात, पुतळ्यांच्या गर्दीत बसून? मी आरशात दोनदा तपासला. आतली ती छोटी घडीसुद्धा बरोबर आहे, जी मला स्वतःलाही माहीत नव्हती.

म्हणजे ऐक. समितीला तो कान फार आवडला. आठांत पास झाला. माझ्या कानाला प्रवेश मिळाला, मुंगे. मला नाही मिळाला! यावर मी काय करू? कुणाकडे तक्रार करू? आई म्हणते, तेवढा तर तेवढा, घरातलंच माणूस गेलं ना आत.

हा कान मी कारखान्यात नेणार आहे. खिडकीत ठेवणार आहे, माझ्या अर्ध्या उजेडात. त्या गवंड्यांना परवा बोलावलंय. चिकटवायचं आणि मऊ करायचं अजून येत नाही, पण निदान आकार तरी मातीत घडवून बघायचाय. त्यांच्या बायकोने निरोप धाडलाय, या वेळी जरा कमी गुलाबी करा.

पण माती मला जमत नाही, हे तू साहेबांपर्यंत पोहोचवलंच आहेस. तेव्हा आता येऊन शिकव. सुट्टी काढ. मी तुला मेण शिकवीन. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार, मातीचे कान घेऊन, आणि तू अर्ज केलास तर तंगडं मोडून हातात देईन. तुला स्वतःला खरंच वाटलं, तर मात्र आधी माझ्या तोंडावर येऊन सांग. मग दोघी भांडू, रीतसर.

शनिवारच्या बसने ये. आई आणि मी थांब्यावर उभ्या असू. बसमध्ये शेजारच्या जागेवर पिशवी ठेवू नकोस, कुणासाठी काही धरू नकोस, कुणाला बसायचं असेल तर बसू दे. आणि बस थांबली की आधी उतर. आम्ही खालीच आहोत.

तुझी ताई